क्वॉर्ट्‌झ स्फटिक जाडीमापक

क्वॉर्ट्‌झ स्फटिक जाडीमापक : निर्वातात बाष्पीभवनाने किंवा अन्य रीतीने एखाद्या पृष्ठावर बसविण्यात येणाऱ्या अतिशय पातळ पटलाची जाडी, ते पटल तयार होत असतानाच दर्शविणारे उपकरण. कंप पावणाऱ्या क्वॉर्ट्‌झाच्या तबकडीवर पदार्थ साचला म्हणजे तिची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) कमी होते व या घटीवरून साचलेल्या पदार्थाचे द्रव्यमान काढता येते, हे या उपकरणाचे तत्त्व होय. उपकरणाच्या तबकडीवर आकडा जाडीचा दिसत असला, तरी प्रत्यक्षात मोजली जाते ती फक्त कंप्रता. कंप्रतेवरून द्रव्यमान, द्रव्यमानावरून संवेदकावरील पटलाची जाडी आणि तिच्यावरून मूळ वस्तूवरील पटलाची जाडी अशा तीन पायऱ्यांनी हा आकडा मिळतो. प्रत्येक पायरीवर काही तरी गृहीत धरावे लागते. उपकरणाने दर्शविलेली जाडी स्वतंत्रपणे मोजलेल्या जाडीशी ताडून योग्य ते गुणक ठरविण्याच्या क्रियेस अंशशोधन म्हणतात. या उपकरणाचा इतिहास हा बव्हंशी त्यातील गृहीते एकेक करून उघडकीस येण्याचा आणि त्यांच्यासाठी दुरुस्त्या शोधण्याचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये असे दाखवून दिले की, क्वॉर्ट्‌झ, टुर्मलीन यांसारख्या काही स्फटिकांवर दाब दिल्यास त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार निर्माण होतो. याच्या उलट, विद्युत् दाब दिल्यास स्फटिकाचा आकार बदलला पाहिजे, हे गाब्रिएल लिपमन यांनी १८८१ मध्ये सैद्धांतिक रीत्या सांगितले व क्यूरी बंधूंनी ते लगेच प्रयोगाने सिद्ध केले. हा दाबविद्युत् परिणाम पुढे सु. ३५ वर्षे प्रयोगशाळेतील एक कुतूहलाचा विषय म्हणूनच राहिला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पॉल लांझ्‌व्हँ यांनी क्वॉर्ट्‌झापासून श्राव्यातीत ध्वनितरंग निर्माण केले, तेव्हा त्याला व्यावहारिक महत्त्व आले. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठातील वॉल्टर गाइटन केडी यांनी १९२१ च्या सुमारास क्वॉर्ट्‌झाच्या अनुस्पंदनाचा उपयोग विद्युत् मंडलाची कंप्रता स्थिर राखण्याकडे केला. हार्व्हर्ड विद्यापीठातील जॉर्ज वॉशिंग्टन पिअर्स यांनी १९२३ मध्ये अधिक सुटसुटीत आंदोलक मंडल तयार केले. बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी १९२७ मध्ये क्वॉर्ट्‌झ घड्याळ बनविले. याच प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९३४ मध्ये, स्फटिकाच्या मुख्य अक्षाशी सु. ३५° १५' चा कोन करून कापलेल्या तबकडीचे (‘एटी’ छेदाचे) गुणधर्म प्रसिद्ध केले. अशा तबकडीची कंप्रता सामान्य तापमानाच्या आसपास तापमानाप्रमाणे फारच थोडी बदलते. पुढील काळातील जवळजवळ सर्व जाडीमापकांत हाच छेद वापरला गेला.

तबकडीवर भार पडला की तिची कंप्रता उतरते, ही गोष्ट रेडिओच्या क्षेत्रातील तंत्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होती. प्रमाणापेक्षा अधिक घासल्यामुळे कंप्रता वाढून बसलेली तबकडी पेन्सिलीची रेघ ओढून पुन्हा योग्य कंप्रतेवर आणण्याची युक्ती हौशी रेडिओ-चालक वापरीत. मात्र या रेघेचे वजन किती, हा प्रश्न विचारण्याचे त्यांना कारण नव्हते.

हा प्रश्न विचारण्याची गरज दुसऱ्याच क्षेत्रात निर्माण झाली. जॉन स्ट्राँग यांनी १९३० नंतरच्या दशकात निर्वातात ॲल्युमिनियमाचे बाष्पीभवन करून दूरदर्शकांच्या आरशांवर त्याचे पटल बसविण्याचे तंत्र विकसित केले. मौंट विल्सन येथील १०० इंची आरसा १९३५ मध्ये या रीतीने ॲल्युमिनियममंडित करण्यात आला. त्याच वर्षी जर्मनीत झाइस कारखान्यातील ए. स्माकुला यांनी भिंगांवरील परावर्तन कमी करणारी पटले तयार केली. अशा पटलाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एकचतुर्थांशाशी जुळावी लागते. उदा., हिरव्या प्रकाशासाठी (तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश भाग) मॅग्नेशियम फ्ल्युओराइडाचे पटल सु. १०० नॅनोमीटर जाडीचे असावे लागते. त्या काळी कारागीर परावर्तित प्रकाशाचा रंग जांभळट होईपर्यंत वाट पाहून बाष्पीभवन थांबवीत. धातूंच्या अपारदर्शक पटलांच्या बाबतीत हा उपायही चालत नसे. पटल बसविण्यापूर्वी व नंतर काच तोलून द्रव्यमान काढता येई किंवा सॅम्युएल टोलान्स्की यांनी १९४० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या बहुशलाका व्यतिकरण पद्धतीने पटलाच्या कडेची उंची अतिशय अचूकपणे मोजता येई. परंतु या दोन्ही पद्धती पटल पूर्ण झाल्यानंतरच्या होत्या. जाडी चुकली असे तेव्हा कळे. ती चुकू नये म्हणून मात्र काही करता येत नसे.

झाउअरब्रे यांचे कार्य : बर्लिन येथील तंत्रविद्यापीठात संशोधन करणारे गुंटर झाउअरब्रे यांनी क्वॉर्ट्‌झ तबकडीचा तुलेसारखा उपयोग करण्याची कल्पना १९५७ मध्ये मांडली व १९५९ मध्ये तिचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. त्यांचा युक्तिवाद अतिशय साधा होता. ‘एटी’ छेदाची तबकडी कंप पावते तेव्हा तिचे दोन पृष्ठभाग परस्परविरुद्ध दिशांना सरकतात व तिची कंप्रता जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. १ मिमी. जाडीच्या तबकडीची कंप्रता सु. १·६७ मेगॅहर्ट्‌झ, तर ६ मेगॅहर्ट्‌झच्या तबकडीची जाडी सु. ०·२८ मिमी. असते. तबकडीवर दुसऱ्या पदार्थाचा पातळ थर बसला, तर तेवढ्याच द्रव्यमानाचा क्वॉर्ट्‌झाचा थर तिच्यावर चढला असे मानावे. मग कंप्रतेतील सापेक्ष घट ही द्रव्यमानातील सापेक्ष वाढीइतकीच येते. या समीकरणात साचलेल्या पदार्थाचा कोणताही गुणधर्म येत नाही. केवळ क्वॉर्ट्‌झाची घनता, त्याचा दृढता गुणांक आणि तबकडीची मूळ कंप्रता एवढेच येते व या राशी अचूकपणे माहीत आहेत.

या समीकरणानुसार ६ मेगॅहर्ट्‌झच्या तबकडीवर दर चौ. सेंमी. ला १ मायक्रोग्रॅम (ग्रॅमचा दशलक्षांश भाग) पदार्थ बसल्यास कंप्रता सु. ८१ हर्ट्‌झने उतरते. १०० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या पटलामुळे सु. १५,७०० हर्ट्‌झ, तर तितक्याच जाडीच्या ॲल्युमिनियमाच्या पटलामुळे सु. २,२०० हर्ट्‌झ एवढी घट होते. एका हर्ट्‌झची घट सोन्याच्या बाबतीत सरासरी ०·००६ नॅनोमीटर जाडीशी तुल्य असते. सोन्याच्या अणूचा व्यास सु. ०·२९ नॅनोमीटर असल्याने, एका अणुथराचा अल्पसा अंशही या तुलेस जाणवतो. नेहमीच्या तुलेत वजनाची तुलना गुरुत्वाकर्षणाच्या साहाय्याने होते. येथे ती जडत्वाच्या साहाय्याने होते. त्यामुळे ही तबकडी उभी, आडवी किंवा उलटी बसविली तरी चालते. निर्वात पात्रात पदार्थाची बाष्पे खालून वर जात असल्याने तबकडी बहुधा खाली तोंड करूनच टांगलेली असते.

हे समीकरण हाती येताच जाडी नियंत्रित करण्याचा मार्ग खुला झाला. के. एच. बेर्न्ट व आर. डब्ल्यू. लव्ह यांनी १९६२ मध्ये स्फटिक आंदोलकाच्या साहाय्याने बाष्पीभवनाची त्वरा आपोआप नियंत्रित करून मिश्रधातूंची पटले तयार करण्याच्या पद्धतीचे वर्णन केले. मिश्रधातूच्या पटलात दोन धातू दोन उगमांपासून एकाच वेळी येतात. त्यांच्या त्वरांचे गुणोत्तर थोडे जरी ढळले, तरी पटलाचे रासायनिक संघटन बदलते. पटल बनून गेल्यावर ही चूक सुधारता येत नाही. भारतीय भौतिकीविज्ञ के. एल. चोप्रा यांच्या पातळ पटलांवरील १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात क्वॉर्ट्‌झ स्फटिक पद्धतीला जाडीमापनाच्या प्रमुख पद्धतींमध्ये स्थान मिळालेले दिसते.

गृहीतांची परीक्षा : समीकरणात बसलेल्या पदार्थाचा गुणधर्म येत नाही, हे त्याचे सामर्थ्य होते, तीच त्याची मर्यादाही ठरली. कंप्रतेतील घट मूळ कंप्रतेच्या सु. २ टक्क्यांच्या आत असेपर्यंत निष्कर्ष समाधानकारक येत. तबकडी अधिक काळ वापरली व तिच्यावर जाड थर साचला की, दर्शविलेली व प्रत्यक्ष जाडी यांत फरक पडू लागे. तबकडी वारंवार बदलणे हा एक उपाय होता. परंतु त्यासाठी निर्वात मोडून पात्र उघडावे लागते व लांबलचक प्रक्रियेच्या मध्यावर ते शक्य नसते.

पहिली सुधारणा गणिताची होती. द्रव्यमान हे कंप्रतेतील घटीपेक्षा आवर्तकालातील (एका कंपनास लागणाऱ्या वेळातील) वाढीशी अधिक सरळ प्रमाणात असते. म्हणून कंप्रतेऐवजी आवर्तकाल मोजण्याची पद्धत रूढ झाली. बेर्न्ट यांनी १९७१ मध्ये तिचे विवेचन केले. तथापि साचलेला थर क्वॉर्ट्‌झासारखाच स्थितिस्थापक आहे हे मूळ गृहीत तिच्यातही कायम होते. जे. जी. मिलर व डी. आय. बोलेफ यांनी १९६८ मध्ये तबकडी व पटल मिळून होणाऱ्या संयुक्त अनुस्पंदकाचा ध्वनितरंगांच्या दृष्टीने विचार केला. कंपनाचा तरंग क्वॉर्ट्‌झातून पटलात शिरताना सीमेवर अंशतः परावर्तित होतो व हे परावर्तन दोन्ही माध्यमांच्या ध्वनिसंरोधांवर (घनता व तरंगवेग यांच्या गुणाकारांवर) अवलंबून असते. सी. एस. लू व ओ. लूइस यांनी १९७२ मध्ये या विचाराला सुटसुटीत समीकरणाचे रूप दिले. त्यात क्वॉर्ट्‌झ व पटल यांच्या ध्वनिसंरोधांचे गुणोत्तर येते. हे गुणोत्तर ॲल्युमिनियमासाठी १·०८, चांदीसाठी ०·५३, तांब्यासाठी ०·४४ व सोन्यासाठी ०·३८ आहे. ॲल्युमिनियम या बाबतीत जवळजवळ क्वॉर्ट्‌झासारखाच असल्याने त्याच्या जाड थरांतही जुनी समीकरणे फारशी चुकत नाहीत; सोन्याच्या बाबतीत मात्र ती स्पष्टपणे चुकतात.

ध्वनिसंरोधाचे गुणोत्तर चुकीचे घेतल्यास होणारी चूक फसवी असते. तबकडी नवी असताना ती दिसत नाही; थर वाढत जातो तसतशी ती वाढते. परिणामी एकच कृती नव्या तबकडीवर एक जाडी व जुन्या तबकडीवर दुसरी जाडी देते आणि दोष बाष्पीभवनाच्या उगमात किंवा निर्वातात शोधला जातो. एकाच तबकडीवर निरनिराळ्या पदार्थांचे थर एकावर एक साचतात तेव्हा कोणते गुणोत्तर घ्यावे, हाही प्रश्न उरतो. ई. बेनेश यांनी १९८४ मध्ये, तसेच ए. वाजिद यांनी १९९१ मध्ये, एकाच तबकडीच्या एकाहून अधिक अनुस्पंदन कंप्रता मोजून हे गुणोत्तर प्रयोग चालू असतानाच काढण्याच्या पद्धती सुचविल्या.

तापमान व प्रतिबल यांचाही परिणाम लक्षात घ्यावा लागतो. ‘एटी’ छेदाची कंप्रता स्थिर तापमानात टिकून राहिली, तरी तापलेल्या उगमासमोरील झडप उघडताच पडणाऱ्या प्रारणामुळे तबकडीचा पुढचा भाग एकाएकी तापतो व कंप्रता उडी घेते. उपकरण ती जाडीतील बदल म्हणून दाखविते. म्हणून संवेदकाच्या धारकातून थंड पाणी खेळविलेले असते. पटलातील अंतर्गत प्रतिबलामुळे तबकडी वाकते व त्यानेही कंप्रता बदलते. ई. पी. एर्निसे यांनी १९७२ मध्ये ‘एटी’ व ‘बीटी’ या दोन छेदांच्या तबकड्या शेजारी वापरून द्रव्यमान व प्रतिबल यांचे परिणाम वेगळे केले. दोन्ही छेदांवर द्रव्यमानाचा परिणाम एकाच दिशेने, तर प्रतिबलाचा परिणाम विरुद्ध दिशांनी होतो, या गोष्टीचा त्यांनी उपयोग करून घेतला.

तबकडीचे सर्व भाग सारखेच कंप पावत नाहीत, ही आणखी एक अडचण. कंपनाचा परमप्रसर मध्यभागी सर्वाधिक असतो व कडेकडे तो झपाट्याने कमी होतो. मध्यावर पडलेला कण कडेवर पडलेल्या तेवढ्याच कणापेक्षा कितीतरी अधिक घट घडवितो. झाउअरब्रे यांनी स्वतःच या प्रश्नाकडे लक्ष दिले होते व तबकडीच्या अतिसूक्ष्म कंपनांचे प्रकाशीय पद्धतीने केलेले मापन त्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. थर सर्वत्र सारखा असेल, तर ही असमानता निष्कर्षात येत नाही. तो असमान असेल, तर येते.

अंशशोधनाची पद्धती : व्यवहारात तीन राशी निश्चित कराव्या लागतात : पटलाची घनता, ध्वनिसंरोधाचे गुणोत्तर आणि स्थानगुणक. यांपैकी स्थानगुणकाला (कार्यशाळेच्या भाषेत ‘टूलिंग’) सर्वांत अधिक महत्त्व आहे. संवेदक व लेप द्यावयाची वस्तू एकाच जागी असू शकत नाहीत. उगमापासून निघणारे अणू अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होत जातात. शिवाय उगमाच्या अक्षाशी होणाऱ्या कोनाप्रमाणेही त्यांचे प्रमाण बदलते. त्यामुळे संवेदकावर व वस्तूवर पडणाऱ्या पदार्थांचे प्रमाण वेगवेगळे असते.

स्थानगुणक काढण्यासाठी वस्तूच्या जागी एक सपाट काच ठेवून तिचा काही भाग झाकतात. घनतेचे पुस्तकी मूल्य व स्थानगुणक १ धरून पुरेसे जाड पटल बसवितात. नंतर काच बाहेर काढून झाकलेल्या व उघड्या भागांमधील पायरीची उंची व्यतिकरणमापकाने किंवा पृष्ठावरून हिऱ्याची सुई सरकवून उंचसखलपणा मोजणाऱ्या उपकरणाने मोजतात. उपकरणाने २०० नॅनोमीटर दाखविले व पायरी २३० नॅनोमीटर भरली, तर स्थानगुणक १·१५ होतो. एकाच मापनावर विसंबून न राहता काचेवरील अनेक ठिकाणी व अनेक खेपांत हे मापन करतात. बाष्पीभवनाचा उगम, त्याची त्वरा किंवा धारकाची जागा बदलल्यास सर्व क्रिया पुन्हा करावी लागते.

घनतेचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. पातळ पटलाची घनता त्याच पदार्थाच्या ठोकळ्याच्या घनतेइतकी असतेच असे नाही. मॅग्नेशियम फ्ल्युओराइडाचे पटल तापविलेल्या काचेवर दाट व कठीण होते, तर थंड काचेवर ते सच्छिद्र राहते. भिंग तापविलेले असते व संवेदक मात्र पाण्याने थंड राखलेला असतो. अर्थात एकाच वेळी, एकाच पात्रात, एकाच बाष्पापासून दोन ठिकाणी वेगवेगळ्या घनतेची पटले तयार होतात. पायरी मोजून काढलेल्या स्थानगुणकात हा फरकही आपोआप सामावला जातो. म्हणूनच हा गुणक केवळ भूमितीने काढता येत नाही. प्रत्येक पदार्थासाठी व प्रत्येक तापमानासाठी तो प्रत्यक्ष प्रयोगानेच काढावा लागतो.

तुला म्हणून तबकडीची स्वतंत्र परीक्षा विद्युत् रसायनाच्या साहाय्याने करता येते. चांदीच्या लवणाच्या विद्रावातून १ कूलंब विद्युत् भार गेल्यास ऋणाग्रावर १·११८ मिग्रॅ. चांदी बसते. तबकडीच्या एका पृष्ठावरील धातूचा थरच ऋणाग्र म्हणून वापरल्यास, विद्युत् भार मोजून द्रव्यमान व शेजारीच कंप्रतेतील घट मिळते. पूर्वी तबकडी द्रवात बुडविल्यास ती कंप पावणारच नाही, असा समज होता. १९८० नंतर तो खोटा ठरला. के. के. कानाझावा व जे. जी. गॉर्डन यांनी १९८५ मध्ये द्रवाची घनता व श्यानता यांवरून होणारी घट दर्शविणारे समीकरण दिले. त्यानुसार ५ मेगॅहर्ट्‌झच्या तबकडीची एक बाजू पाण्याच्या संपर्कात आल्यास कंप्रता सु. ७०० हर्ट्‌झने उतरते. द्रवातून द्रव्यमान मोजताना ही घट आधी वजा करावी लागते.

उपयोग व मर्यादा : प्रकाशीय छानक्या, आरसे, अर्धसंवाहक प्रयुक्त्यांतील धातूंचे थर, तसेच प्रकाश देणाऱ्या कार्बनी पदार्थांचे पडदे यांच्या निर्मितीत हे जाडीमापक सर्रास वापरले जातात. प्रकाशीय छानकीत एकावर एक कित्येक थर असतात. एकचतुर्थांश तरंगलांबीचा थर ५ टक्के जाड झाला, तर ५५० नॅनोमीटरसाठी योजलेला त्याचा परिणाम सु. ५७८ नॅनोमीटरवर सरकतो, म्हणजे हिरव्यातून पिवळ्यात जातो. चुकीचा स्थानगुणक प्रत्येक थरात तीच चूक पुन्हा करतो व अखेरीस संपूर्ण छानकी निरुपयोगी ठरते. म्हणून अशा ठिकाणी स्फटिकाबरोबर प्रकाशीय मापनाचीही जोड देतात : बाष्पीभवनाची त्वरा स्फटिकावरून राखतात व थर कोठे थांबवावयाचा हे परावर्तित किंवा पारगत प्रकाशावरून ठरवितात.

एक हर्ट्‌झचा फरक ओळखणारे उपकरण जाडी तितक्याच अचूकपणे सांगते, असा समज होणे साहजिक आहे; परंतु सूक्ष्मता व अचूकता या भिन्न गोष्टी होत. अणुथराच्या अंशाची दखल घेणारी ही तबकडी चुकीच्या स्थानगुणकामुळे जाडीत दहा-वीस टक्क्यांनीही चुकू शकते आणि ही चूक तिच्या स्वतःच्या आकड्यांवरून कधीच उघडकीस येत नाही. ती उघडकीस येते ती पात्रातून बाहेर काढलेल्या काचेवरील पायरी दुसऱ्या उपकरणाने मोजल्यावरच. यासाठी अनेक कार्यशाळांत प्रत्येक खेपेस मूळ वस्तूंबरोबर एक साक्षी काच ठेवतात आणि तिच्यावरील पटलाची जाडी मोजून स्थानगुणकाची नोंद वेळोवेळी तपासून पाहतात.